रहाटाच्या तीन त्रिज्या

पावसाळ्यात झाड पडून तारा तुटल्या आणि चार-दोन दिवस वीज बंद राहिली, म्हणजे परसात पाण्याने भरलेली विहीर असूनही, ज्यांच्याकडे अद्याप रहाट शिल्लक आहे अशा शेजाऱ्यांच्या दारी कळशी घेऊन जाण्याची जी विलक्षण पाळी गृहस्थावर येते, तिच्यामुळे, पंप बसविताना अडगळ म्हणून मोडून टाकलेला आपला रहाट पुन्हा उभारावा असा विचार ज्यांच्या मनात आला असेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विचार योग्यच आहे. अडचण एवढीच की, आजचे सुतार बहुधा दारे, खिडक्या आणि फर्निचर यांत गुंतलेले असल्यामुळे रहाटाची मापे त्यांच्या हाताखालून गेलेली नसतात, आणि ‘तुम्ही सांगाल तसा करून देतो’ असे त्यांनी म्हटले, की सांगण्याची सारी जबाबदारी घरमालकावर येऊन पडते. ती पार पाडण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही; तीन मापे आणि त्यांचा परस्परसंबंध ध्यानात आला, म्हणजे काम भागते.

येथे रहाट म्हणजे दोन खांबांवर आडवा टेकविलेला, एका टोकास मूठ असलेला लाकडी रूळ, ज्याच्यावर दोर गुंडाळला जाऊन पोहरा वर येतो, एवढाच अर्थ घ्यावयाचा आहे. गाडग्यांची माळ फिरवून आगरास पाणी देणारा, रेडा किंवा बैल जुंपून चालविला जाणारा जो मोठा रहाट, त्याची रचना निराळी असून तिचा विचार येथे केलेला नाही.

पदार्थविज्ञानात साध्या यंत्रांचे सहा प्रकार मानतात: तरफ, चाक व कणा, कप्पी, उतरण, पाचर आणि मळसूत्र. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथे होऊन गेलेल्या हेरॉन या ग्रंथकाराने उतरण वगळून उरलेल्या पाचांचे विवेचन केले होते. त्याचा मूळ ग्रीक ग्रंथ नष्ट झाला असला तरी अरबी भाषांतराच्या रूपाने तो आपणापर्यंत पोहोचला आहे. आपला रहाट यांपैकी दुसऱ्या प्रकारात, म्हणजे चाक व कणा यांत मोडतो. त्याला चाक कोठे आहे, असे कोणी विचारील. परंतु मूठ एक पूर्ण फेरा करते तेव्हा हवेत जे वर्तुळ आखते, तेच त्याचे चाक होय. लाकडाचे सबंध चाक करून त्याच्या घेरावर हात ठेवला काय, अथवा त्या चाकाचा एकच आरा ठेवून त्याच्या टोकास मूठ बसविली काय, यंत्राच्या दृष्टीने दोहोंत काही अंतर पडत नाही.

हे यंत्र खोलात पाहता तरफेचेच रूप आहे. उथळ विहिरीवरची ओकती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन पटेल: ओकतीचा दांडा टेकूवर खालीवर होतो, आणि त्या दांड्याच्या झोक्याएवढ्याच खोलीतून तो पाणी काढू शकतो; त्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. रहाटात रुळाचा मध्यबिंदू हा टेकू, मध्यापासून मुठीपर्यंतचे अंतर ही तरफेची लांब भुजा आणि मध्यापासून दोरापर्यंतचे अंतर ही आखूड भुजा. पण एक झोका संपण्यापूर्वीच दुसरा सुरू होतो, एक तरफ खाली गेली की तिच्या जागी जणू नवी तरफ उभी राहते, आणि म्हणून विहीर पाच मीटर खोल असो वा पंचवीस, दोर पुरला की रहाटही पुरतो.

आता नियम. मुठीवर लावलेला जोर आणि मुठीची त्रिज्या यांचा गुणाकार, हा दोराला लटकणारा भार आणि रुळाची त्रिज्या यांच्या गुणाकाराबरोबर असतो. मुठीची त्रिज्या रुळाच्या चौपट असेल, तर चौथ्या हिश्श्याच्या जोराने भार तोलता येतो. परंतु पोहरा एक हात वर यावयाचा तर मुठीला चार हात वाट चालावी लागते. यंत्राच्या वहीत जमा आणि खर्च या दोन बाजू कायम सारख्याच राहतात: जोराच्या रकान्यात जेवढी बचत दाखविली असेल, तेवढीच रक्कम अंतराच्या रकान्यात खर्ची पडलेली सापडते, आणि घर्षणाचा महसूल वर द्यावा लागतो तो निराळाच. गॅलिलिओने इसवी सन १६०० च्या सुमारास यंत्रशास्त्रावर जी छोटी पुस्तिका लिहिली, तिच्या आरंभीच त्याने, यंत्राच्या साहाय्याने निसर्गाला फसविता येते असे समजणाऱ्या कारागिरांच्या भ्रमाचा समाचार घेतला आहे.

हा भ्रम चांगल्या चांगल्यांना झालेला आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील ‘सिद्धांतशिरोमणी’त, आऱ्यांमध्ये पारा भरल्याने आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. ज्यांच्या गणिताचा अभिमान चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखापासून आजपर्यंत महाराष्ट्राने बाळगला, त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणणे भाग आहे की, असे चाक फिरत राहणार नाही. एका बाजूचा पारा मध्यापासून दूर गेल्याने त्या बाजूस जेवढे बळ अधिक येते, तेवढेच दुसऱ्या बाजूस पाऱ्याचे अधिक आरे जमून फिटते, आणि घर्षण उरलासुरला वेग खाऊन टाकते. तेव्हा ‘मूठ न फिरवता पाणी वर आणणारा’ रहाट बाजारात विकावयास आला, तर खिशात हात घालू नये.

प्रत्यक्ष मापे घेऊन पाहू. विहिरीतील पाणी काठापासून १२ मीटर खाली आहे, पोहऱ्यात १० लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचे वजन १० किलो. पोहऱ्याचे २ आणि भिजलेल्या दोराचे सुमारे २, मिळून १४ किलो. रूळ १५ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे साडेसात सेंटिमीटर त्रिज्येचा, आणि दोर २ सेंटिमीटर जाड. येथे पहिली सावधगिरी: भार रुळाच्या पृष्ठभागावर लटकत नसून दोराच्या मध्यरेषेवर लटकतो, म्हणून हिशेबात रुळाची त्रिज्या साडेसात न धरता साडेआठ धरली पाहिजे. मूठ मध्यापासून ३० सेंटिमीटरवर ठेवली, तर गुणोत्तर साडेतीन पडते, आणि घर्षण सोडून दिल्यास १४ किलोंचा भार ४ किलोंच्या जोराने उचलला जातो. पोहरा वर येईतो रुळाचे बावीस-तेवीस फेरे होतात, हाताची वाटचाल ४२ मीटर भरते, आणि मिनिटास तीस फेरे या बेताच्या गतीने पाऊण मिनिट लागते.

याच रहाटाचा रूळ दुप्पट जाड, म्हणजे १५ सेंटिमीटर त्रिज्येचा केला तर काय होईल? दोरासह त्रिज्या १६ झाली, गुणोत्तर दोहोंच्याही खाली उतरले, आणि मुठीवर साडेसात किलो जोर लावणे प्राप्त झाले. परंतु फेरे मात्र बाराच राहिले आणि पोहरा चोवीस-पंचवीस सेकंदांत काठावर आला. घरात रहाट ओढणारी माणसे तरुण आणि धट्टीकट्टी असतील, व बागेला शंभर पोहरे घालावयाचे असतील, तर जाड रूळच सोयीचा. वृद्ध माणसाने किंवा शाळकरी मुलाने दिवसाकाठी दहा-वीस पोहरे काढावयाचे असतील, तर बारीक रूळ बरा. म्हणजे ‘कोणता रहाट चांगला’ या प्रश्नाचे उत्तर ‘मूठ कोणाच्या हाती राहणार’ या दुसऱ्या प्रश्नावाचून देता येत नाही, आणि सुतारास बोलावण्याआधी हा निर्णय घरातल्या मंडळींनी करावा. पुरुषांनी अंगणात उभे राहून मापे ठरवावी आणि रहाट मात्र जन्मभर बायकांनी ओढावा, हा जो जुना दस्तूर, तो निदान या खेपेस मोडावा अशी माझी शिफारस आहे.

रूळ न बदलता मूठच लांब केली तर चालणार नाही काय, अशी शंका येथे हटकून निघते. हिशेबाने चालते, शरीराने चालत नाही. उभे राहून काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने रुळाचा मध्य पायाखालच्या जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असावा, कारण ३० सेंटिमीटरची मूठ मग ७० सेंटिमीटरपासून १३० पर्यंत फिरते, म्हणजे मांडीच्या वरच्या भागापासून छातीपर्यंत. या टापूत हाताला व पाठीला फारसा त्रास पडत नाही. तीच मूठ ४५ सेंटिमीटरवर नेली, की प्रत्येक फेऱ्यात एकदा कंबरेत वाकावे लागते आणि एकदा हात खांद्यापर्यंत न्यावा लागतो, आणि जोरात जे वाचविले ते पाठदुखीच्या रूपाने भरून द्यावे लागते. ३० ते ३५ सेंटिमीटर, यापलीकडे जाऊ नये. काही जण मुठीऐवजी भंगारातले एखादे जड लोखंडी चाक बसविण्याचा सल्ला देतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातून आरंभीच्या काळात जी कडबा कापण्याची यंत्रे बाहेर पडली, त्या जातीच्या यंत्रात असे जड चाक फार उपयोगी, कारण तेथे कडबा कापण्याच्या क्षणी एकदम प्रतिकार येतो आणि चाकात साठलेला वेग तो निभावून नेतो. रहाटावर प्रतिकार पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत सारखाच असल्याने जड चाकाचा उपयोग अल्प, आणि ते भलत्या वेळी थांबविणे मात्र कठीण.

दोराविषयी लोक बेपर्वा असतात. बावीस-तेवीस फेरे, प्रत्येक फेऱ्यास २ सेंटिमीटर, या हिशेबाने दोर शेजारी शेजारी एका थरात बसावयास रुळाची ४५ सेंटिमीटर लांबी लागते. शिवाय दोन्ही बाजूंस थोडी मोकळी जागा आणि कायम गुंडाळून ठेवावयाचे तीन फेरे धरून ६० सेंटिमीटरचा रूळ करावा. लाकूड वाचविण्यासाठी तो ३० सेंटिमीटरचा केला, तर दोराचा दुसरा थर पहिल्यावर चढतो, त्रिज्या साडेआठाची साडेदहाच्या आसपास जाते, आणि पोहरा काठाजवळ येऊ लागतो, माणूस दमलेला असतो, नेमक्या त्या वेळी रहाट जड होतो. कायम ठेवावयाच्या तीन फेऱ्यांचे प्रयोजन वेगळे आहे. दोराचे टोक रुळाला ज्या खिळ्याने किंवा गाठीने बांधलेले असते, तिच्यावर संपूर्ण भार पडू लागला तर ती एक ना एक दिवस सुटणारच; परंतु दोराचे तीन फेरे रुळाभोवती आवळलेले असले, म्हणजे लाकूड आणि दोर यांच्यातील घर्षणामुळे भाराचा शतांशदेखील गाठीपर्यंत पोहोचत नाही. येथे घर्षण आपला मित्र आहे. पोहरा पाण्याला टेकलेला असतानाही रुळावर तीन फेरे उरले पाहिजेत, हे लक्षात ठेवूनच दोराची लांबी ठरवावी.

आणि आता तिसरी त्रिज्या, जिची चौकशी सहसा कोणी करीत नाही, आणि जिच्या पायी माझ्या मते सर्वांत अधिक रहाट बिघडतात: रूळ ज्यावर फिरतो त्या खुंटीची त्रिज्या. पहिल्या दोन त्रिज्या जोराची आणि अंतराची अदलाबदल ठरवितात. नासाडी किती व्हावयाची, हे ही तिसरी ठरविते. रुळाचे व मुठीचे मिळून १० किलो आणि भाराचे १४, असा २४ किलोंचा दाब खांबांवर पडतो असे धरू. घाईने केलेल्या रहाटात रुळाची टोके न तासता तसाच सबंध रूळ दोन बेचक्यांत टाकून देतात. कोरड्या लाकडावर कोरडे लाकूड घासते, दाबाच्या सुमारे तीन दशांश एवढे घर्षण उत्पन्न होते, आणि ते साडेसात सेंटिमीटरच्या त्रिज्येवर उत्पन्न झाल्यामुळे मुठीपर्यंत येता येता १.८ किलो भरते. म्हणजे चार किलोंचे काम करावयास पावणेसहा किलोंचा जोर. रुळाची टोके तासून ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या लाकडी खुंट्या केल्या, तर हीच नासाडी पाऊण किलोच्या आत येते. आणि १ सेंटिमीटर त्रिज्येची, म्हणजे २ सेंटिमीटर जाडीची लोखंडी खुंटी वंगण घातलेल्या पितळी बुशात बसविली, तर घर्षणाचे प्रमाण दाबाच्या एक दशांशावर उतरते, त्रिज्याही लहान झालेली असते, आणि मुठीवर त्याचा बोजा जेमतेम ८० ग्रॅम पडतो. रूळ तोच, मूठ तीच, विहीर तीच. फक्त खुंटी बदलल्याने कष्टांत एवढा फरक.

बैलगाडीच्या चाकाचे सारे इंगित या तिसऱ्या त्रिज्येत आहे. शालेय पुस्तकांत चाक व कणा या मथळ्याखाली पुष्कळदा बैलगाडीचे चित्र असते आणि मुलांची समजूत होते की, गाडीचे चाकही रहाटाप्रमाणे जोर वाढविते. तसे ते करीत नाही. बैल जेवढे चालतात तेवढाच माल पुढे जातो, म्हणजे जोराची व अंतराची अदलाबदल तेथे मुळीच झालेली नाही. गाडीचा कणा फिरतसुद्धा नाही, तो स्थिर असून चाक त्याच्याभोवती फिरते; उलट रहाटात मूठ, रूळ आणि खुंटी ही तिन्ही एकजीव होऊन फिरली पाहिजेत. चाकाने साधते ते असे की, जमिनीवर फरफटत होणारे घर्षण उचलून ते कण्यापाशी, वंगण घातलेल्या जागी नेले जाते, आणि तेथे चाकाची त्रिज्या ६० व कण्याची अडीच सेंटिमीटर असेल तर बैलांना त्याचा चोविसावा हिस्सा तेवढा जाणवतो. मोटेच्या चाकाचेही तेच: धावेवरून बैल जेवढे उतरतात तेवढाच नाडा वर येतो, चाक केवळ ओढीची दिशा बदलते, परंतु ते चाक घेराने मोठे असल्यामुळे कण्यावरचे घर्षण हलके होते आणि नाडा तीव्र वळण न घेता टिकतो.

हेच यंत्र उलट्या बाजूनेही चालविता येते, आणि तेथे जोर खर्ची घालून वेग जमा करावयाचा असतो. ताक घुसळताना रवीच्या बारीक दांड्याला दोरी गुंडाळून ओढतात. दांडा बारीक म्हणून थोड्या दोरीत पुष्कळ फेरे मिळतात. चरख्यात मोठे चाक बारीक चातीला फिरविते, आणि पेटीचरख्यात दोन चाकांची जोडी असल्याने दोन गुणोत्तरांचा गुणाकार होतो. तरीही कातणाऱ्याच्या एका हाताच्या शक्तीची मर्यादा सुटत नाही, आणि १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले, तेव्हा स्पर्धकांपुढची खरी अडचण हीच होती. सायकलीत पायडलाची भुजा १७ सेंटिमीटर, मागच्या चाकाची त्रिज्या ३४, आणि दात्यांचे प्रमाण ४८ ला १८ असेल, तर पायाने लावलेल्या जोराचा पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग टायरपर्यंत पोहोचतो. चढावर उतरून चालावे लागते त्याचे हे कारण. घरगुती वापरातील पेचकस मात्र रहाटाच्या बाजूचा आहे. अडकलेला स्क्रू निघत नसेल तर लांब दांड्याचा पेचकस शोधीत न बसता जाड मुठीचा घ्यावा. लांबीने जोर वाढत नाही, मुठीच्या जाडीने वाढतो.

पुन्हा रहाटाकडे येऊ. रुळासाठी साग उत्तम, पण चिरा न पडलेली सुकी बाभूळही चालते. गाडीचे तुंबे बाभळीचे करण्याची चाल उगीच पडलेली नाही. लोखंडी सळईचा जो भाग रुळाच्या आत जातो तो चौकोनी ठेवावा आणि बाहेर येणारा गोल करावा, कारण सबंध गोल सळई ओल्या लाकडात कालांतराने सैल होऊन जागच्या जागी फिरू लागते आणि पोहरा खालीच राहतो. रुळाच्या दोन्ही टोकांवर लोखंडी कडी तापवून चढवावी, म्हणजे थंड होताना ती आवळली जाऊन लाकूड फुटण्याची भीती राहत नाही. चाकावर धाव चढविण्याची हीच रीत. खांब लाकडी असल्यास जमिनीत गाडलेल्या भागाला डांबर फासावे, पण विहिरीचा कठडा पक्का बांधलेला असेल तर त्यातच लोखंडी आधार बसविणे अधिक टिकाऊ. दोन्ही बुश एका पातळीत असल्याची खात्री पाणसळ लावून करून घ्यावी, कारण एक बाजू उतरती राहिली की दोर त्याच बाजूस सरकून थरावर थर चढतो, आणि मग रुळाच्या लांबीचा वर केलेला हिशेब व्यर्थ जातो.

यानंतरची सूचना गंभीर आहे, आणि लहान मुले असलेल्या घरांनी ती पाळावीच. भरलेला पोहरा काठाजवळ आला असता ओल्या हातातून मूठ निसटली, तर जमा केलेले सारे अंतर एकदम जोरात परत मिळते: पोहरा विहिरीत कोसळतो, आणि मूठ सेकंदाला दहाहून अधिक फेरे घेत उलटी फिरते. ती हाताने धरण्याचा प्रयत्न करणाऱ्याचे मनगट मोडते, आणि जवळ उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्याला लागली तर त्याहून अनर्थ. म्हणून रुळाच्या एका टोकास दात्यांचे लोखंडी चाक आणि त्यात आपल्या वजनाने पडणारी खिटी बसवून घ्यावी. पोहरा वर चढताना खिटी दात्यांवरून टकटक करीत सरकते आणि उलटा फेरा होऊ देत नाही. पोहरा खाली सोडताना ती हाताने उचलून अडकवून ठेवावी, वर ओढण्यापूर्वी न चुकता सोडावी. खिटीचा खर्च वाचवून ‘आम्ही जपून वापरू’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांना, मूठ निसटल्यावर काय करावयाचे ते आधी सांगा, उलट धावणाऱ्या मुठीला हात लावावयाचा नाही, बाजूला व्हावयाचे, पोहरा गेला तर गेला, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला पढवून ठेवा, असे बजावावेसे वाटते.

विहिरीचा व्यास दोन मीटरहून अधिक असेल तर दोन पोहऱ्यांची तजवीज करणे फायद्याचे ठरते. रुळाच्या दोन टोकांवर दोन दोर परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळावयाचे. एक पोहरा भरून वर येतो तेव्हा दुसरा रिकामा खाली जातो, रिकाम्या पोहऱ्याचे वजन भरलेल्या पोहऱ्याच्या स्वतःच्या वजनाला तोलून धरते, आणि नुसता पोहरा खाली सोडण्यात जो वेळ जात असे तो वाचतो. अशा रहाटाला मूठ दोन्ही दिशांनी फिरवावी लागत असल्याने दुहेरी खिटी लागते आणि रूळही लांब करावा लागतो. आणखी एक चतुर योजना पुस्तकांत आढळते: रुळाचा एक भाग जाड, दुसरा किंचित बारीक ठेवून दोर एकावरून सोडीत दुसऱ्यावर गुंडाळावयाचा आणि मध्ये लोंबत्या कप्पीला भार टांगावयाचा. त्रिज्या १० आणि ८ सेंटिमीटर व मूठ ३० वर असेल, तर जोर तीसपट वाढतो. परंतु एका फेऱ्यात भार सव्वासहा सेंटिमीटरच वर येतो. १२ मीटरच्या विहिरीसाठी जवळजवळ १९० फेरे आणि जाड भागावर सुमारे १२० मीटर दोर गुंडाळण्याची जागा लागते. थोड्या उंचीवर फार मोठा भार उचलावयाचा असेल तेथे ती योजना शोभते, पाण्याच्या विहिरीवर शोभत नाही.

दोर काथ्याचा घ्यावा. तो पाण्यात लवकर कुजत नाही आणि लाकडावर घसरत नाही. नायलॉनचा दोर बळकट खरा, परंतु गुळगुळीत असल्याने रुळावर त्याचे तीन राखीव फेरे पुरत नाहीत, पाच ठेवावे लागतात, आणि ओल्या हातात तो काचतो. बुशांत महिन्यातून एकदा घट्ट वंगण भरावे, पातळ तेल पावसाने धुऊन जाते आणि विहिरीतही पडते. बुशाखाली पत्र्याची लहानशी पन्हळ ठोकली तर वंगणाचा थेंब पाण्यात जाण्याचा बंदोबस्त होतो. पावसाळा संपल्यावर दोर पूर्ण उलगडून उन्हात वाळवावा, रुळाला अळशीच्या तेलाचा एक हात द्यावा, खिटीचा बोथट झालेला कोपरा कानशीने नीट करून घ्यावा, आणि दोराचे पोहऱ्याकडचे भिजके टोक आधी झिजत असल्यामुळे दोर पुन्हा बांधताना त्याची टोके उलटसुलट करावीत.